खुलासेकाकांचं चौदावं पुस्तक

मी टायपिस्ट. दुसऱ्याचं बोलणं कानात घ्यायचं आणि बोटांतून कागदावर उतरवायचं, हे काम मी बावीस वर्षं करते आहे. कोर्टातले जबाब, डॉक्टरांची पत्रं, सभांची इतिवृत्तं, सगळं केलं. त्यामुळे ऐकण्यात माझी सहसा चूक होत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात सगळ्यांनी पहिला संशय माझ्या कानांवर घेतला.

ज्यांच्याकडे मी शेवटची अकरा वर्षं कामाला जात होते त्यांना सगळे खुलासेकाका म्हणत. हे नाव त्यांच्या प्रकाशकाने ठेवलेलं. काका रहस्यकथा लिहायचे, पण विज्ञानाच्या. एका कादंबरीत अख्खी वस्ती एकाच दुपारी बेशुद्ध पडते, दुसरीत काचेच्या कारखान्यातली माणसं एकामागून एक आंधळी होतात. अडीचशे पानं वाचकाचा घसा कोरडा पडायचा, आणि शेवटच्या प्रकरणात काका सगळं उलगडून सांगायचे. कुठला वायू, कुठला जंतू, किती मात्रा, किती तापमान. एखाद्या वाचकाने आकडा चुकल्याचं पत्र पाठवलं की ते दिवसभर खुशीत असायचे आणि उलट टपाली चार पानं उत्तर द्यायचे.

नोकरीत असताना ते शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ होते. रोज सकाळी पाण्याचे नमुने घ्यायचे, गढूळपणा मोजायचा, क्लोरीन मोजायचं, वहीत लिहून सही करायची. निवृत्तीनंतर उजव्या हाताला कंप सुटला. पेन धरलं की अक्षर फेर धरायचं. मग त्यांच्या मुलीने छोटा रेकॉर्डर आणून दिला. सकाळी दहा ते बारा मागच्या खोलीत दार लावून काका बोलायचे, दुपारी मी पुढच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून ते टाइप करायची. काका स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा बोलायचे. काकू म्हणायच्या, लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाही हे मनात विरामचिन्हं घालत असणार.

चौदावं पुस्तक सुरू झालं तेव्हा काका रंगात आले होते. विषय झकास होता. एका जुन्या इमारतीत लोकांना कुणीतरी मागे उभं असल्याचा भास होतो, अंगावर काटा येतो, दोन बिऱ्हाडं घर सोडून जातात. शेवटी कळणार होतं की तळघरातल्या मोठ्या पंख्यातून इतका खोल आवाज निघतो की तो कानाला ऐकू येत नाही, फक्त शरीराला जाणवतो, आणि माणूस विनाकारण घाबरतो. म्हणजे भुताचाच खुलासा. काका म्हणाले होते, हे पुस्तक झालं की भुतं बेकार होतील.

सातव्या प्रकरणाच्या मधोमध मी टाइप केलं, ‘अहो, दिवा विझला.’

आगेमागे त्याचा काही संबंध नव्हता. पात्र जिना चढत होतं, स्वल्पविराम होता, मग हे वाक्य, मग पुन्हा जिना. मला वाटलं दिवे गेले असतील, काकूंना हाक मारली असेल. पण मी जे ऐकते ते टाइप करते, गाळणं माझं काम नाही. संध्याकाळी काकांनी पानं वाचली आणि त्या ओळीखाली लाल रेघ मारून माझ्याकडे पाहिलं. मी हे बोललो नाही, म्हणाले. मी हेडफोन त्यांच्या कानाला लावून ती जागा ऐकवली. आवाज त्यांचाच होता. नेहमीचा, जरा बसका. ते हसले, वय झालं म्हणाले, आणि ओळ खोडली.

तीन दिवसांनी दुसरं वाक्य आलं. ‘झाकण उघडं ठेवा.’

या वेळी ते हसले नाहीत. हेडफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि तळहात पँटला पुसत राहिले. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. उद्या येऊ नकोस, एवढंच म्हणाले.

मी घरी आले, पण ते वाक्य कानातून जाईना. शब्दांत तसं काहीच नव्हतं. भीती वाटली ती त्याच्या आधीच्या श्वासाची. काका दोन वाक्यांच्या मध्ये शांत श्वास घेतात, मला तो पाठ आहे. त्या वाक्याआधीचा श्वास मात्र धापेचा होता, खूप जिने चढलेल्या माणसासारखा. मी भात लावायला गेले आणि पातेल्यावर झाकण ठेवताना हात थांबला.

काका मात्र शास्त्राचे माणूस. घाबरून बसण्यापेक्षा त्यांनी तपास सुरू केला. आठवड्याने मला बोलावलं तेव्हा मागच्या खोलीत दोन रेकॉर्डर मांडलेले होते, एक नवा, दुसऱ्या कंपनीचा. काकू त्यांच्यासमोर मटार सोलत बसणार होत्या आणि नजर नवऱ्याच्या तोंडावरून हलवणार नव्हत्या. मी दाराशी स्टुलावर. काका दहा मिनिटं बोलले. मी ऐकलं, काकूंनी ऐकलं. प्रकरण पुढे सरकलं, बाकी काही नाही. काकूंनी पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, झालं समाधान?

मग आम्ही तिघांनी ते ऐकलं. काकांचा आवाज, मध्ये मटाराचे दाणे वाडग्यात पडल्याचा टकटक आवाज. सहाव्या मिनिटाला, दाणे पडत असतानाच, काका म्हणाले, ‘वर कोण आहे?’

दाणे पडतच राहिले. काकूंचा हात एकदाही थांबलेला नव्हता. दुसऱ्या रेकॉर्डरवरही तेच, त्याच सेकंदाला. काकूंनी वाडगा उचलला, स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि तिथेच ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मी त्यांच्यामागे गेले. ‘मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते गं,’ त्या म्हणाल्या, ‘ते हे बोलले नाहीत.’

त्यांची मुलगी कानांची डॉक्टर. रविवारी आली, सगळं ऐकलं आणि आधी माझे कान तपासले. माझे कान तरण्या मुलीसारखे निघाले. मग तिने बाबांना घेऊन मेंदूच्या सगळ्या तपासण्या केल्या. कागद स्वच्छ आले. तिचं म्हणणं असं पडलं की माणूस एकाग्र असताना नकळत काहीबाही बोलून जातो, आणि सवयीच्या आवाजातलं अनपेक्षित वाक्य ऐकणाऱ्याचा मेंदू गाळून टाकतो. आईच्या मेंदूने गाळलं, टायपिस्टबाईंच्याही मेंदूने गाळलं. यंत्र गाळत नाही.

काकांना हे फार आवडलं. दोन दिवस त्यांनी हा खुलासा घरभर फिरवला, मलाही पुन्हा पुन्हा सांगितला. जेवण नीट जायला लागलं. मीही मनाला पटवलं, कारण पटवून घ्यायची माझी फार इच्छा होती.

तिसऱ्या दिवशी प्रकाशकाचा फोन आला. काकांनी त्याच्या फोनवर निरोप ठेवला होता, की पुस्तकाला महिनाभर उशीर होईल. प्रकाशक गमतीने विचारत होता की काका, निरोपाच्या मध्ये ‘दोर ओढा, दोर ओढा’ असं का म्हणताय, नवीन पुस्तकातलं आहे का, चांगलं वाटतंय, ठेवा.

काकांनी फोन ठेवला. त्या दिवसापासून ते बोलेनासे झाले. म्हणजे अगदी मुके नाही, पण मोजून बोलायचे. दुकानात बोटाने दाखवायचे. शेजारी भेटले तर मान हलवायचे. मला आधी कळेना. मग त्यांनीच एका दुपारी सांगितलं. खोलीत एकटा असताना होतं तोवर ठीक होतं, पण आता असं दिसतंय की मी कुणाशीही बोलताना ते मध्येच येतं आणि कुणालाच ऐकू येत नाही. मलाही नाही. ‘आत्ता तुझ्याशी बोलताना आलं असेल, तर तुला कळेल का?’

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते आणि तिथून उठून जावंसं वाटत होतं.

मग त्यांनी दार लावून घेतलं आणि मला जे सांगितलं ते त्यांनी एकतीस वर्षं काकूंनाही सांगितलं नव्हतं.

केंद्राच्या आवारात जमिनीखाली एक व्हॉल्व्हची खोली होती. वर लोखंडी झाकण, आत उतरायला शिडी. बरेच महिने बंद राहिली की आतलं लोखंड गंजतं आणि गंजताना हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं. वास नाही, रंग नाही. म्हणून नियम असा, की झाकण अर्धा तास उघडं ठेवायचं, रसायनतज्ज्ञाने स्वतः जाऊन दोरीने पेटता कंदील आत सोडायचा, तो विझला नाही तरच उतरायच्या परवानगीवर सही करायची. त्या दिवशी व्हॉल्व्हमन परवान्याचा कागद घेऊन प्रयोगशाळेत आला. काकांच्या समोर नुकताच चहा आला होता. काकांनी त्याला विचारलं, उघडलंयस ना झाकण? तो हो म्हणाला. काकांनी चहाच्या टेबलावरच सही केली.

तो कमरेला दोर बांधून, कंदील घेऊन उतरला. वर दोर धरून थांबायला ठेवलेला मजूर कशासाठी तरी पाच मिनिटं बाजूला गेला. झाकण वाऱ्याने पडलं की कुणी वाटेत येतंय म्हणून लोटलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

चौकशी लागली. काकांकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्यांनी परवाना फाडला आणि खुलाशात लिहिलं की कर्मचारी परवानगी न घेता, स्वतःच्या मर्जीने उतरला. चार ओळींचा खुलासा. मंजूर झाला. मेलेल्या माणसावर ठपका बसला आणि काकांनी पुढच्याच वर्षी पहिली कादंबरी लिहायला घेतली.

मी त्यांची चार पुस्तकं टाइप केली होती आणि उरलेली वाचली होती. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की तेरा पुस्तकांत माणसं विषाने मेली, विजेने मेली, जंतूंनी मेली. गुदमरून एकही मेला नव्हता.

व्हॉल्व्हमनची धाकटी बहीण शहरातच राहायची. तिचं शिवणकामाचं दुकान होतं. काकूंचे गुडघे दुखत होते आणि एकट्याने जायचं काकांना धैर्य नव्हतं, म्हणून मी बरोबर गेले. दुकान छोटं, दोन मशिनी, भिंतीला खडूचे आकडे. बाई साठीच्या असतील. कॉलरला काज करत होत्या. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, चहाच्या टेबलासकट. सांगताना ते प्रत्येक वाक्यानंतर थांबून माझ्याकडे पाहत होते, मध्ये दुसरं काही आलं का म्हणून.

बाईंनी काज पुरं केलं, दोरा दाताने तोडला आणि विचारलं, ‘एकतीस वर्षांनी आज का?’

काकांनी तेही सांगितलं. रेकॉर्डर, वाक्यं, दिवा, झाकण, दोर. दुकानात मशीनच्या तेलाचा वास होता आणि बाहेर भर दुपारची रहदारी.

‘म्हणजे तुम्ही घाबरलात म्हणून आलात,’ बाई म्हणाल्या. ‘वाईट वाटलं म्हणून नाही.’

काका म्हणाले, ‘हो. घाबरलो म्हणून आलो.’

‘तो कंदिलाशिवाय कधी उतरत नव्हता,’ त्या म्हणाल्या. ‘मी तेव्हाच चौकशीच्या साहेबांना सांगितलं होतं. कुणी लिहून घेतलं नाही. तुम्ही लिहा आता. केंद्राच्या कागदावर, त्यांच्या शिक्क्यासकट.’

काकांनी लिहून आणलं, मी टाइप केलं, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जड पान. ते केंद्रात देऊन आलो. तिथला तरुण अधिकारी काकांचा वाचक निघाला. त्याने कपाटं उलटीपालटी केली आणि ओशाळून सांगितलं की एवढ्या जुन्या फायली केव्हाच नष्ट केल्या. कुठल्या कागदाला हा कागद जोडायचा? शेवटी त्याने आवक क्रमांक घालून शिक्का मारला आणि एक प्रत परत दिली. ती आम्ही शिवणाच्या दुकानात दिली. बाईंनी दोनदा वाचली, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली. आम्हाला बसा म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर वाक्यं थांबली का, ते कळायचा मार्गच नव्हता. काकांनी दोन्ही रेकॉर्डर कपाटात टाकून कुलूप लावलं आणि घरात कुणीही आपला आवाज टिपायचा नाही, असं बजावलं. पंख्याचं पुस्तक सोडून दिलं. मग कापऱ्या हाताने, एका ओळीत चारपाच शब्द, अशा मोठ्या अक्षरात त्यांनी नवीन लिहायला घेतलं. मी ती पानं उलगडून टाइप करायची. भूगर्भातल्या एका खोलीची गोष्ट होती. टाइप करताना मी दाराकडे तोंड करून बसायची.

प्रकाशक हस्तलिखित वाचून घरी आला. घाबरलो, म्हणाला, पण शेवटचं प्रकरण कुठे आहे? काका म्हणाले, नाही. प्रकाशकाने डोक्याला हात लावला. तुमचा वाचक शेवटच्या प्रकरणासाठी पुस्तक विकत घेतो, एक तर भूत पकडा नाहीतर सरळ दाखवा, हे काय अर्धवट? काका म्हणाले की मला जेवढं माहीत आहे तेवढं लिहिलं, उरलेलं लिहिलं तर खोटं होईल, आणि तसला खुलासा मी एकदा लिहिला आहे.

पुस्तक निघालं. विज्ञानप्रेमी वाचकांच्या ज्या मंडळाने त्यांना पूर्वी मानपत्र दिलं होतं, त्यांनीच त्यांना जाब विचारायला बोलावलं. वाचनालयाचं सभागृह भरलेलं. मी आणि काकू तिसऱ्या रांगेत. काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की संध्याकाळपर्यंत वळ राहिले. एका प्राध्यापकांनी उभं राहून विचारलं, तुम्ही विज्ञान सोडलंत का? सगळं आयुष्य मोजमापात घालवलेला माणूस भुताखेतांवर कसा गेला?

काकांनी माईकपासून जरा अंतर ठेवलं. म्हणाले, ‘भुतं आहेत असं मी म्हणत नाही. मोजायचं तेव्हा मी मोजलं नाही, एवढंच मला माहीत आहे. कंदील आत सोडला नाही. त्यानंतर मी पुस्तकांत सगळं मोजत बसलो. आता मला जी भीती वाटते तिचं माप माझ्याकडे नाही, म्हणून तशीच लिहिली.’ आणि मग त्यांनी चहाच्या टेबलाची गोष्ट त्या भरल्या सभागृहाला सांगितली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघंतिघं उठून गेले. प्राध्यापक उभेच होते, बसायचं विसरले.

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी ते भाषण मोबाइलवर टिपून घेतलं होतं. चार दिवसांनी ते फिरत फिरत माझ्याकडे आलं. मी मोबाइल टेबलावर ठेवून दोन दिवस त्याच्याकडे नुसती बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडक्या उघडल्या, रेडिओ बंद केला आणि हेडफोन लावला. अडतीस मिनिटं. खोकला ऐकू आला, खुर्ची सरकली, कुणाच्या तरी किल्ल्या पडल्या. काकांचा आवाज, शांत श्वास, पुढचं वाक्य. मी तीनदा ऐकलं. त्यात दुसरं काहीही नव्हतं.

मी धावतच त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं. काका जेवायच्या टेबलाशी होते. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? मी म्हटलं, माझे कान तुमच्या मुलीने तपासलेत. मला वाटलं त्यांना हायसं वाटेल. त्यांचा चेहरा क्षणभर सैलावलाही. मग ते हळूच म्हणाले, ‘इतके दिवस माझ्याकडे तरी बोलत होता. आता कुणाकडे बोलत असेल?’

काकूंनी ताटं मांडली. आम्ही जेवलो.

त्यानंतर काका सहा वर्षं जगले. आणखी चार पुस्तकं लिहिली, चारही तसलीच, शेवट नसलेली. जुने वाचक बरेच गळाले, नवीन आले. आकडे दुरुस्त करणारी पत्रं बंद झाली. आता लोक आपापल्या गोष्टी लिहून पाठवायचे, पुष्कळदा निनावी, आणि खाली लिहायचे की हे कुणालाच सांगितलेलं नाही. काका ती पत्रं वाचायचे आणि नंतर बराच वेळ खिडकीशी उभे राहायचे. पुढे तपासणीसाठी एमआरआय यंत्राच्या बोगद्यात झोपायला त्यांनी ठाम नकार दिला. लिफ्टमध्ये ते कधी चढले नाहीत. एका सकाळी खुर्चीत बसल्याबसल्याच गेले.

तिसऱ्या दिवशी शिवणाच्या दुकानातल्या बाई आल्या. मी दार उघडलं. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या आणि काकूंना म्हणाल्या, एकच विचारायचं आहे. ‘शेवटपर्यंत घाबरत होते का?’

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. खोटं सांगता आलं असतं. ‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘रोज.’

बाईंनी मान हलवली. चपला काढल्या, आत आल्या आणि काकूंच्या शेजारी बसल्या. मी तिघींसाठी पाणी आणायला आत गेले.